परराज्यातून महाराष्ट्रात आलेल्या शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, सासर गडहिंग्लजला. डी.एड. कर्नाटकात केलं आणि नोकरी महाराष्ट्रात शोधली. एसटीनं हे अंतर तीनेक तासांचं, पण माझ्या कागदांना ते पार करायला चार वर्षं लागली. आता इंदूर, बेळगाव, बिदर, हैदराबाद, सुरत अशा ठिकाणांहून लग्न करून किंवा जोडीदाराच्या बदलीमुळे इकडे आलेल्या मुली मला तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

महाराष्ट्रात शिकवायला परवाना काढावा लागतो का?

वकिलांना सनद असते, डॉक्टरांची कौन्सिलकडे नोंदणी असते. शिक्षकांसाठी आपल्याकडे असा एक कागद नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी जमवाव्या लागतात: अर्हता (डी.एल.एड. किंवा बी.एड.), पात्रता (राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी, किंवा केंद्राची तशीच परीक्षा म्हणजे सीटीईटी) आणि निवड (टेट परीक्षा आणि शासनाचं शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल).

गोंधळ होतो तो इथेच. अर्हता राज्याची सीमा ओलांडून येते. पात्रता कधी येते, कधी येत नाही. निवड मात्र इथेच नव्याने व्हावी लागते. ‘माझं सगळं झालेलं आहे’ असं म्हणत कोणी आलं की मी आधी विचारते, यातलं नेमकं काय झालंय?

माझं डी.एड. दुसऱ्या राज्यातलं आहे. इथे चालेल?

तुमच्या कॉलेजला त्या वर्षी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची मान्यता असेल तर चालतं. ही परिषद १९९३ च्या कायद्याने आली आणि १९९५ पासून काम करते. तिची मान्यता देशभर लागू असते. पदवीचंही तसंच आहे. यूजीसीमान्य विद्यापीठाची पदवी राज्य बदललं म्हणून रद्द होत नाही.

अडचण येते ती नावाची. आपल्याकडे ज्याला आधी डी.एड., मग डी.टी.एड. आणि आता डी.एल.एड. म्हणतात, त्याच दर्जाच्या अभ्यासक्रमाला कर्नाटकात पूर्वी टीसीएच, गुजरातेत पीटीसी, उत्तर प्रदेशात बीटीसी, तर केरळात टीटीसी म्हणत. टेबलापलीकडच्या माणसाला ही नावं माहीत असतीलच असं नाही. म्हणून कॉलेजकडून एनसीटीईच्या मान्यता आदेशाची प्रत घेऊन ठेवा. कर्नाटक आणि तेलंगणा दक्षिण विभागीय समितीखाली येतात, तर महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा पश्चिम विभागीय समितीखाली. त्यामुळे आदेशावर वेगळ्या समितीचं नाव दिसलं तर घाबरू नका.

माझ्या बाबतीत कागद खरा होता, मान्यताही होती. पण गुणपत्रकाच्या मागचा गोल शिक्का कन्नडमध्ये होता. पडताळणीच्या टेबलावर तो वाचू शकेल असं कोणी नव्हतं. समोरच्या बाबांनी कागद उजेडाकडे धरला, दोनदा फिरवून पाहिला आणि ‘यावर काय लिहिलंय ते इंग्रजीत आणा’ असं सांगून परत दिला. त्या एका वाक्यासाठी मला पुन्हा कॉलेजात जावं लागलं. तेव्हाचे प्राचार्य निवृत्त झाले होते, नव्यांना जुनं रजिस्टर सापडेना. पंधरा दिवसांनी इंग्रजीतलं पत्र हातात आलं. तुम्ही गाव सोडायच्या आधीच हे पत्र घ्या: कॉलेजच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, अभ्यासक्रमाचं नाव, कालावधी, माध्यम आणि मान्यता आदेशाचा क्रमांक लिहिलेलं.

बी.एड. एकाच वर्षाचं आहे, काही अडचण?

नाही. २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्याआधीचं एक वर्षाचं बी.एड. मान्यताप्राप्त संस्थेतलं असेल तर ते पूर्ण ग्राह्य आहे.

बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येईल का?

नव्या नेमणुकीसाठी नाही. २०१८ मध्ये एनसीटीईने बी.एड.धारकांना प्राथमिकचं दार उघडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ते बंद केलं. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याचं शिक्षण डी.एल.एड.मध्ये मिळतं, असा त्यामागचा विचार. मला तो पटतो. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला लावणं आणि नववीला बीजगणित शिकवणं ही एकाच प्रशिक्षणात बसणारी कामं नव्हेत. बी.एड. असेल तर सहावीपासून वरचे वर्ग बघा.

मी कर्नाटकची (किंवा मध्य प्रदेशची, तेलंगणाची) टीईटी पास आहे. ती इथे दाखवू का?

जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांसाठी तिच्यावर विसंबू नका. एनसीटीईच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार राज्याने घेतलेली टीईटी त्या राज्याच्या सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांसाठी असते. महाराष्ट्र स्वतःची टीईटी घेतो. पहिली १५ डिसेंबर २०१३ ला झाली, अलीकडची २३ नोव्हेंबर २०२५ ला.

हे ऐकून मुलींचे चेहरे पडतात, मला ते बघवत नाही. अभ्यासक्रम तोच, गुणांची विभागणी तीच, १५० प्रश्न, १५० मिनिटं. तरी पुन्हा बसावं लागतं. पण एकदा तो अभ्यास झालेला आहे, हे तुमचं भांडवल आहे. फक्त भाषेच्या ३० गुणांची तयारी नव्याने करायची.

मग सीटीईटी द्यावी की महाटीईटी, म्हणजे महाराष्ट्राची टीईटी?

जिला पुन्हा राज्य बदलावं लागण्याची शक्यता आहे, तिला मी सीटीईटीच सांगते. नवरा सैन्यात, बँकेत, रेल्वेत असेल तर दुसरा विचारच नको. महाराष्ट्राच्या भरतीत सीटीईटी ग्राह्य धरतात, केंद्रीय विद्यालयात चालते आणि गुणपत्रक डिजिलॉकरमध्ये मिळतं.

फॉर्म भरताना दोन भाषा निवडाव्या लागतात. मराठी माध्यमात शिकवायचं असेल तर त्यातली एक मराठी घ्या. इंदूरच्या एका मुलीनं सवयीनं हिंदी आणि इंग्रजी भरलं आणि नंतर हळहळली. जमत असेल तर दोन्ही परीक्षा द्या.

किती गुण लागतात?

खुल्या गटाला ६० टक्के, म्हणजे १५० पैकी ९०. राखीव गटांना ५५ टक्के. उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. परराज्यातून आलेल्यांनी जातीचा दाखला काहीही असला तरी ९० चं लक्ष्य धरूनच अभ्यास करावा. कारण खाली जातीच्या प्रश्नात सांगते.

माझी टीईटी २०१४ ची आहे. सात वर्षं उलटून गेली की!

ती मुदत आता नाही. जून २०२१ मध्ये प्रमाणपत्राची वैधता आजन्म केली आणि तीही २०११ पासून मागच्या तारखेने. जुनं प्रमाणपत्र ट्रंकेत पडलं असेल तर बाहेर काढा. कागदाची पडताळणी मात्र कसून होते. २०२१ मध्ये टीईटीतला गैरप्रकार उघड झाल्यापासून प्रत्येक प्रमाणपत्र परीक्षा परिषदेच्या नोंदीशी ताडून बघतात आणि ते योग्यच आहे.

टीईटी कुठे लागत नाही?

नववी ते बारावीला. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीसाठी त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. पहिली ते आठवीला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ खाली टीईटी सक्तीची आहे. विनाअनुदानित शाळाही त्यातून सुटलेल्या नाहीत, त्यांना राज्याची किंवा केंद्राची अशी निवड आहे, इतकंच.

टीईटी आणि टेट एकच ना?

नाही. या दोन नावांनी कितीतरी जणींचं वर्ष बुडालं आहे. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. पहिलीने तुम्ही पात्र ठरता, दुसरीच्या गुणांवर निवड होते. टेटमध्ये उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसतं, फक्त गुण. २०० प्रश्न, दोन तास. त्यात अभियोग्यता १२० आणि बुद्धिमत्ता ८०. ही चाचणी दरवर्षी होत नाही. २०१७, २०२३ आणि २०२५ अशा तीनच वेळा झाली. म्हणून जाहिरात आली की ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणू नका.

टेट झाल्यावर पवित्र पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरायचं, मग पसंतीक्रम द्यायचा. जिल्हा परिषदा आणि काही संस्था मुलाखतीशिवाय घेतात, काही खासगी अनुदानित संस्था मुलाखतीसह. निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये. त्याआधी प्राथमिकला ६,००० मिळत. त्या सहा हजारांत घरभाडं आणि एसटीचा पास काढून महिना रेटलेल्या शिक्षकांना मी ओळखते.

अधिवासाचा दाखला लागेल का? मला इथे येऊन दोनच वर्षं झाली आहेत.

सर्वसाधारण नियम महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्याचा किंवा जन्म महाराष्ट्रातला असण्याचा. लग्न होऊन आलेल्यांनी विवाह नोंदणीचा दाखला, पतीचा अधिवास दाखला आणि त्यांच्या रहिवासाचे पुरावे जोडून ‘आपले सरकार’वर किंवा सेतूत अर्ज करावा. विवाह नोंदणी केलीच नसेल तर ती आधी करा. लग्नपत्रिका आणि फोटो यांवर भागत नाही. भरतीच्या अर्जात अधिवासाचा रकाना असतो आणि महिला आरक्षणासारख्या सवलती त्याला जोडलेल्या असतात. जाहिरात निघाल्यावर तहसीलच्या चकरा मारण्यापेक्षा आजच अर्ज टाका.

ताई, मी बेळगावची. आमच्यासाठी वेगळं काही आहे का?

आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करता येतो. महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याऐवजी त्या गावातलं तेवढं वास्तव्य धरलं जातं. त्यासाठी तिथला दाखला लागतो.

मला हे लग्नानंतर तीन वर्षांनी कळलं, तेही एसटीत शेजारी बसलेल्या एका बाईंकडून. तोपर्यंत माहेरच्या रेशनकार्डातून माझं नाव कमी झालं होतं आणि वडिलांच्या घरी मी राहात होते हे सिद्ध करायला शाळेचे जुने दाखले गोळा करत बसावं लागलं. लग्न ठरलं असेल तर नाव कमी करण्याआधी हा दाखला काढून ठेवा.

माझा जातीचा दाखला माहेरच्या राज्याचा आहे. इथे आरक्षण मिळेल?

राज्याच्या भरतीत नाही. १९९० मध्ये मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एका राज्यात अनुसूचित जाती-जमातीत असलेल्या व्यक्तीला दुसऱ्या राज्यात गेल्यावर ते लाभ आपोआप मिळत नाहीत. २०१८ मध्ये घटनापीठाने तेच पुन्हा सांगितलं. इथे त्याच नावाची जात यादीत असली तरीही. लग्नाने जात बदलत नाही, पतीचा दाखला तुम्हाला लावता येत नाही.

हा भाग सगळ्यांत जड जातो. जिने आयुष्यभर त्या जातीचे चटके सोसले, तिला सीमेच्या अलीकडे ‘खुला गट’ म्हणून उभं राहावं लागतं. मला यात न्याय दिसत नाही, पण नियम हाच आहे. फॉर्ममध्ये चुकीचा प्रवर्ग भरलात तर निवड झाल्यावर पडताळणीत रद्द होते आणि तो धक्का फार मोठा असतो. वयाचं गणितही याच्याशी बांधलेलं आहे. राज्याच्या नोकरीत सर्वसाधारण कमाल वय खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. तुम्ही ३८ धरून चाला.

दहावीच्या कागदावर एक नाव, आधारवर दुसरं. काय करू?

लग्नानंतर इकडे मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत पहिलंही. त्यात दक्षिणेकडच्या राज्यांतल्या गुणपत्रकांवर नुसती आद्याक्षरं असतात: पुढे एस. बी., मागे नाव, आडनाव गायब. संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात.

राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. अर्ज ‘आपले सरकार’वर होतो. जुनं नाव लिहिताना ते दहावीच्या गुणपत्रकावर आहे अगदी तसंच लिहा, आद्याक्षरांसकट, पूर्णविरामांसकट. माझ्या ओळखीच्या एका मुलीने तिथे नाव पूर्ण विस्ताराने लिहिलं आणि राजपत्रातलं जुनं नाव तिच्या एकाही कागदाशी जुळेना. सगळं परत करावं लागलं.

मराठी बोलते, पण शिक्षण दुसऱ्या माध्यमातून झालं. मराठी शाळेत घेतील?

भरतीत माध्यमाची अट असते, तुम्ही कोणत्या माध्यमातून शिकलात हे बघतात. बेळगाव-खानापूरच्या मराठी शाळांत शिकलेल्यांनी शाळेकडून माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असलेला दाखला घ्यावा, कारण दहावीच्या गुणपत्रकात माध्यम ठळकपणे दिसत नाही.

दुसऱ्या माध्यमात शिकलेल्यांनाही दारं आहेत. महाटीईटी कन्नड, तेलुगू, गुजराती, हिंदी, उर्दू अशा माध्यमांतूनही होते. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, त्यात तमिळ, तेलुगू, कन्नड आहेत. शिवाय २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे सीबीएसई शाळांना मराठी शिकवणारं माणूस लागतं. इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांतल्या, दोन-तीन भाषांत सहज वावरणाऱ्या मुली हे काम फार छान करतात.

एक संस्था म्हणते, अमुक रक्कम द्या, लगेच रुजू करून घेतो. घ्यावं का?

नाही. हात जोडून सांगते, नाही.

अल्पसंख्याक संस्था सोडल्या तर अनुदानित शाळेतली शिक्षकाची जागा पवित्र पोर्टलमधून भरावी लागते. बाहेरून भरलेल्या जागेला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता अडते, मान्यता नाही तर शालार्थ आयडी (शासनाच्या पगार प्रणालीतला क्रमांक) नाही, आणि शालार्थ नाही तर शासनाचा पगार नाही. मधल्या काळात ‘फाईल वर गेली आहे’ हे वाक्य ऐकत वर्षं निघून जातात. परगावाहून आलेल्या, इथलं कोणी ओळखीचं नसलेल्या मुली यात जास्त अडकतात. मी एका घरात शेतीचा तुकडा विकलेला पाहिला आहे. ती मुलगी आज शिकवणी घेते.

विनाअनुदानित शाळेत रुजू होताना तरी लेखी नेमणूकपत्र घ्या. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा मान्यताप्राप्त खासगी शाळांतल्या शिक्षकांना संरक्षण देतो, पण हातात कागद असेल तर.

तिकडे मी सरकारी शाळेत कायम आहे. बदली मिळेल का? माझी सेवा धरतील?

एका राज्याच्या शाळेतून दुसऱ्या राज्यात बदली होत नाही. इथे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बदली होतानाही किती वाट पाहावी लागते ते कोणालाही विचारा. नव्याने निवड व्हावी लागते आणि सेवाज्येष्ठता पहिल्यापासून सुरू होते.

तिकडची नोकरी इथलं नेमणूकपत्र मिळेपर्यंत सोडू नका. अर्ज करताना खात्याचं ना हरकत पत्र घ्या. अनुभवाच्या दाखल्यावर तिथल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी असू द्या. खासगी शाळेत पगार ठरवताना त्या एका सहीचा उपयोग होतो.

मी आधीपासून नोकरीत आहे, मला टीईटीची काय चिंता?

१ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा, तो महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणावर आहे. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावी, असं त्यात म्हटलं. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांची नोकरी टिकते, पण पदोन्नती हवी तर टीईटी हवीच. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला.

सतत बदल्या होणाऱ्यांच्या बायकांनी काय करावं?

केंद्रीय विद्यालय आणि नवोदयच्या जागा अखिल भारतीय असतात, अधिवास विचारत नाहीत. सीटीईटी हातात ठेवा आणि त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

उलट प्रश्न: महाराष्ट्रातून गोव्यात जाते आहे. मराठी चालेल ना?

सरकारी नोकरीच्या जाहिरातींत तिथे कोकणी आवश्यक आणि मराठी इष्ट असं लिहिलेलं असतं, शिवाय पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या मुलींना कोकणी-मालवणी कानावरची असते, तरी ती वाचायचा-लिहायचा सराव करून जा.

मूळ कागद कुरिअरने मागवले तर चालतील का?

नको. स्वतः जा आणि घेऊन या. माझं डी.एड.चं गुणपत्रक मी वडिलांकडून त्यांच्या हातानं घेतलं. त्यांनी ते धोतराच्या पानात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवलं होतं. घरी आणून पहिलं काम केलं ते स्कॅन करायचं, दोन्ही बाजूंनी. मागचा तो गोल शिक्काही.